डॉक्टर होल्त्सेमची निळी रिबीन

ऱ्हाईनकाठच्या आमच्या लांगेलराटमध्ये हेरिबर्ट नेटेकोव्हनला सगळे 'कैसर', म्हणजे जुना जर्मन बादशहा, म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण तो चिडायचा, आणि चिडणाऱ्या माणसाला आमचं गाव सहजासहजी सोडत नाही. बेकरीत पाव घ्यायला गेला की काउंटरमागून आवाज यायचा, "बोला महाराज, आज राईचा की गव्हाचा?" हेरिबर्ट नाकातून मोठा श्वास सोडायचा, पाव काखेत मारायचा आणि जाताना दार जरा जास्तच जोरात ओढून घ्यायचा.

उभा जन्म त्यानं ऱ्हाईनवरच्या फेरीबोटीवर काढला. गाड्या चढवायच्या, चाकांना ठोकळे लावायचे, तिकिटं फाडायची, या काठावरून त्या काठावर. लष्करात तो एक दिवसही नव्हता. कानाचा पडदा फाटका निघाला म्हणून तपासणीतूनच घरी पाठवलेला. आणि असा हा माणूस घराच्या वरच्या मजल्यावर कैसरच्या काळातल्या पलटणींचे कोट, टोकेरी शिरस्त्राणं, पट्टे, तलवारीचे गोंडे आणि पदकं जमवून बसला होता. त्याची बायको वालबुर्गा, म्हणजे सगळ्या गावाची बुर्गा, त्या कोट घातलेल्या पुतळ्यांना 'तुझी मंडळी' म्हणायची.

"तुझी मंडळी जेवायला खाली येणार नाहीत ना? मी बटाटे आपल्यापुरतेच उकडलेत."

वरच्या मजल्याचे पडदे बारा महिने ओढलेले असत. ऊन लागलं की जुन्या कापडाचा रंग उडतो, आणि निळा सगळ्यात आधी उडतो, हे हेरिबर्टनं बुर्गाला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं. त्यानंतर ते तिनं इतक्या वेळा ऐकलं, की तिला झोपेतही म्हणता आलं असतं. "वटवाघळाशी संसार केलाय मी," ती शेजारणींना सांगायची. "उलटा टांगून घेत नाही एवढंच."

त्याचा एक नियम होता. एकोणीसशे अठराच्या पुढचं काहीही, अगदी एक बटणसुद्धा, या घरात येणार नाही. त्यानंतर स्वस्तिकाच्या खुणेचं जे आलं आणि ज्यांनी ते अंगावर चढवलं, त्याची त्याला शिसारी होती, आणि ती तो लपवत नसे. पण सांगतो कुणाला? 'मी जर्मन गणवेश जमवतो' एवढं वाक्य तोंडातून निघालं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. बहुतेक जण घड्याळ बघून निघून जात. आणि काही थोडे, जे जवळ सरकत, ते त्याहून वाईट. ते आवाज खाली आणून विचारत, "आणि... नंतरचं काही आहे का हो? कळलं ना, कसलं म्हणतोय?"

कळायचं त्याला. अशाच एकाला त्यानं जिन्यावरून खाली घालवलं आणि त्याची टोपी मागून फेकली. यावर गावात काय पसरलं? 'कैसरकडे तसली माणसं येतात.' हाकलून दिलं, हे सांगायला कुणाच्या जिभेला वेळ नव्हता. महिनाभर त्याचं डोकं फिरलेलं होतं.

बरं, आमच्या गावाला गणवेशाचं वावडं आहे म्हणावं, तर तेही नाही. कार्निव्हल आला की गावातला दर तिसरा पुरुष लाल-पांढरा कोट, तिकोनी टोपी आणि चकचकीत बटणं घालून रस्त्यावर येतो. खांद्यावर लाकडी बंदूक, बंदुकीच्या नळीत फूल. एकमेकांना ढुंगणं घासत नाचतात आणि वर सलामी ठोकतात. तेव्हा इथं राज्य करणाऱ्या प्रशियाच्या शिपायांची टिंगल म्हणून पणजोबांच्या पणजोबांनी ही फौज काढली, आणि आता टिंगल कशाची ते विसरून सगळे तिचा अभिमान बाळगतात. कोट सगळे नायलॉनचे. पावसात भिजले तर दोरीवर टाकले की झालं. ही फौज आली की म्हाताऱ्याकोताऱ्या टाळ्या वाजवतात, आणि हेरिबर्टच्या खऱ्या लोकरीच्या कोटाकडे बघायला कुणी जिना चढत नाही. हे त्याला आयुष्यभर सललं. दर वर्षी त्या फौजेतला कोणी तरी येऊन विचारायचाच, "कैसर, एखादं शिरस्त्राण दे की मिरवणुकीपुरतं. बिअर सांडणार नाही, वचन!"

आता त्याच्याकडचा सगळ्यात मोलाचा नग. तो त्यानं विकत घेतला नव्हता, उचलला होता. आमच्याकडे अडगळीचा दिवस असतो. लोक नको असलेलं सामान फुटपाथवर काढून ठेवतात आणि पालिकेची गाडी ते घेऊन जाते. फार वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी, फेरीवर जाता जाता, डॉक्टर होल्त्सेमच्या रिकाम्या केलेल्या घरासमोर हेरिबर्टला एक मोडका पलंग, दोन गाद्या आणि त्यांच्याखाली एक गडद निळा कोट दिसला. लाल किनारीचा. सेवेरिन होल्त्सेम हा आमच्याच गावचा, कैसरच्या सैन्यात डॉक्टर म्हणून शिरला आणि जनरलच्या हुद्द्याला पोचला. कोटाच्या आतल्या खिशात रुमालात गुंडाळलेला एक पांढरा क्रॉस होता, पदक म्हणून गळ्यात घालायचा, आणि त्याला मूळची रेशमी रिबीन, शेतात उगवणाऱ्या निळ्या फुलांच्या रंगाची. डॉक्टरनं ती आयुष्यभर एकाच ठिकाणी दुमडली असणार. त्या घडीवर रंग जरा फिका झाला होता. बाकी जशीच्या तशी. एका माणसाच्या गळ्यात होती ती, आणि त्याचे वारस ती गाद्यांबरोबर फेकून देत होते. त्या दिवशी फेरीबोट उशिरा सुटली आणि हेरिबर्टला साहेबाच्या शिव्या बसल्या. पण त्या शिव्या त्याला गोड लागल्या.

आणि आता हे सगळं जायची वेळ आली होती. मुलगी दोन पोरांना घेऊन परत राहायला येणार होती, तिला वरचा मजला हवा होता, आणि ते योग्यच होतं. ड्युसेलडोर्फचा एक दलाल सगळं एकरकमी उचलायला तयार होता. उचलल्यावर कोट एकाला, बटणं दुसऱ्याला, क्रॉस तिसऱ्याला. ईस्टरपर्यंत निर्णय घ्यायचा होता. हेरिबर्टला एकच हवं होतं: नगरभवनात मागच्या बाजूला जी खोली रिकामी पडली आहे, ती गावानं द्यावी आणि ही मंडळी गावातच, एकत्र राहावीत. त्यानं पैसे मागितले नव्हते. फुकट देत होता, तरी कुणी घेत नव्हतं.

सांस्कृतिक खात्याच्या फ्राऊ डॉक्टर रुटगर्स उत्तरेकडून आलेल्या, सरळ, कमी बोलणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "नेटेकोव्हनसाहेब, मला वैयक्तिक काही अडचण नाही. पण नगरसभेला मी काय सांगू? लोकांना हे बघायचंय, असं दिसायला तरी हवं. पुढच्या दालनात महिनाभर प्रदर्शन लावा. लोक आले, तर मी शब्द टाकीन."

"कोणत्या महिन्यात?"

"फेब्रुवारीच मोकळा आहे. मार्चमध्ये जलरंगवाले आहेत, एप्रिल सशांचा."

"सशांचा?"

"ससेपालक मंडळ. दर वर्षी असतं त्यांचं."

फेब्रुवारी म्हणजे कार्निव्हल. सगळं गाव नायलॉनच्या फौजेमागे धावत असणार, हे हेरिबर्टला दिसत होतं, पण हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काचेची कपाटं मागितली, तर ती सशांच्या करंडकांसाठी ठेवलेली निघाली. मग पुतळे उघड्यावर, भोवती दोरी. आणि दाराशी फ्राऊ डॉक्टरांनी एक फलक लावला: हे प्रदर्शन युद्धाचा गौरव करत नाही, अमुक नाही, तमुक नाही. फलकातल्या एकाही शब्दाशी हेरिबर्टचं भांडण नव्हतं. पण तो शिरस्त्राणांच्या मेजापेक्षा मोठा होता, आणि आत येणारा माणूस तो वाचून दमून तिथूनच परत फिरायचा.

आणि आत येणारे तरी किती? पासपोर्टच्या रांगेत कंटाळलेले एक-दोघे. स्वच्छतागृह कुठं आहे हे विचारणारे बरेच. हेरिबर्ट रोज इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसायचा आणि संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता धुसफुसायचा.

"गेलं हे सगळं, बुर्गा. ड्युसेलडोर्फवाल्याला फोन कर."

"अरे, महिना संपलाय का? सूप पी आधी."

"आणि त्यात तुमचा तो गुरुवार येतोय."

हा गुरुवार म्हणजे बायकांचा गुरुवार. आमच्या ऱ्हाईनकाठी कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी गाव बायकांच्या ताब्यात जातं. अकरा वाजून अकरा मिनिटांनी त्या नगरभवनावर चाल करतात, महापौराकडून किल्ली हिसकावतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कात्रीनं कापतात. कापला की भरपाई म्हणून गालावर मुका. कुणी रागवायचं नाही. शहाणे पुरुष त्या दिवशी जुनापुराणा टाय घालून येतात. आणि बुर्गा तर या बायकांची म्होरकी. तिनं आजवर कापलेल्या टायांची टोकं आमच्या गावातल्या अर्ध्या पुरुषांची ओळख पटवायला पुरेशी होती. स्वयंपाकघरात खिडकीच्या बाजूला एका दोरीवर ती ओळीनं टाचलेली असत.

गळ्यात निळी रिबीन घातलेला डॉक्टर होल्त्सेमचा पुतळा आणि मद्य घेतलेल्या, कात्र्या हातात असलेल्या बायका! हेरिबर्टनं सोमवारीच मूळ रिबीन काढून डबीत ठेवली आणि शिलाईसामानाच्या दुकानातून आणलेली तशाच रंगाची रिबीन क्रॉसला लावली. रात्री जेवताना बुर्गाला सांगितलंही, "घाला काय गोंधळ घालायचा तो. दुकानातली बांधून ठेवलीय मी डॉक्टरच्या गळ्यात. कापली तरी माझं काही जात नाही."

"हुशार आहेस हो," बुर्गा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ते हेरिबर्टच्या लक्षात आलं नाही, कारण तो सूपमध्ये मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होता.

बुधवारी दुपारी फ्राऊ डॉक्टर रुटगर्स वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराला घेऊन यायच्या होत्या. पहिल्यांदाच कोणी तरी फोटो काढणार होतं. आणि त्या फोटोत डॉक्टरच्या गळ्यात दुकानातली रिबीन? हेरिबर्टच्यानं ते झालं नाही. माणसाचा स्वभाव जातो कुठं! त्यानं मूळ रिबीन पुन्हा क्रॉसला लावली, फोटो निघाला, फ्राऊ डॉक्टरांनी वाकून ती फिकी घडी बघितली आणि हेरिबर्टनं त्यांना अडगळीच्या दिवसाची सगळी कथा सांगितली. त्यांनी मधे एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. सांगता सांगता संध्याकाळ झाली, पहारेकऱ्यानं दिवे घालवले आणि "चला चला, उद्या लढाई आहे" म्हणत दोघांना बाहेर काढलं. "सकाळी लवकर येऊन बदलतो," असं हेरिबर्ट स्वतःशी म्हणाला. घरी बुर्गा नव्हती. बायकांच्या बैठकीला गेली होती. ती आली तेव्हा तो झोपला होता.

गुरुवारी उजाडताच, डबीत दुकानातली रिबीन घेऊन, तो नगरभवनाच्या दाराशी हजर झाला. दार बंद. आतून कागदाच्या खोक्यांचा ढीग रचलेला, त्यावर खुर्च्या, त्यावर झाडाच्या कुंड्या. हेरिबर्टनं कपाळावर हात मारला. या दिवशी महापौर आणि कारकून सकाळपासून आत कोंडून घेतात आणि बायकांपासून किल्ल्याचं रक्षण करण्याचं नाटक करतात, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. पण सकाळ म्हणजे नेमकी किती सकाळी ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण तो नेहमी फेरीवर असायचा.

त्यानं दार ठोठावलं. वरच्या खिडकीतून पहारेकऱ्यानं डोकं काढलं. डोक्यावर विदूषकाची टोपी.

"कोण आहे?"

"मी हेरिबर्ट! उघड लवकर, मला दोन मिनिटं आत यायचंय."

"वा! बायकांनी फितवलं वाटतं तुला? बायको म्होरकी आणि नवरा हेर!"

"अरे चेष्टा पुरे, माझं काम आहे, डॉक्टरच्या गळ्यातली..."

"महापौरसाहेब, कैसर फितूर झाला हो!" आत हशा उसळला. वरून कागदाचे तुकडे त्याच्या डोक्यावर पडले. हेरिबर्ट ओरडला, शिव्या दिल्या, दारावर लाथ मारली. जितका तो खरंखुरं चिडत होता, तितका आतल्या लोकांना तो अभिनय झकास वाटत होता. खिडकीतून कोणी तरी टाळ्याही वाजवल्या. मागच्या दाराला कुलूप. तळघराची खिडकी आतून अडकवलेली. रागानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तेवढ्यात चौकातून नगाऱ्यांचा आवाज आला.

बायका आल्या. पिशव्यांसारखे झगे, डोक्याला फडकी, नाकं रंगवलेली, हातात कात्र्या. सगळ्यांच्या पुढे बुर्गा. हेरिबर्ट गर्दीत घुसला, "बुर्गा! बुर्गा, थांब, ऐक!" म्हणून ओरडला, पण नगारे, तुताऱ्या आणि 'आलाफ' या कार्निव्हलच्या जयघोषात फाटक्या कानाच्या माणसाचा आवाज त्याचा त्यालाही ऐकू येईना. तिनं लांबून त्याला पाहिलं आणि हात हलवला. घड्याळात अकरा वाजून अकरा झाले. दार आतून 'फुटलं', खोकी कोसळली, आणि गर्दीनं हेरिबर्टला पाचोळ्यासारखं आत ढकललं.

दालनात त्याची नजर पडली ती थेट डॉक्टर होल्त्सेमवर. दोरीच्या आत, खुर्चीवर उभी राहून, बुर्गानं हात वर केला होता. नगारे थांबले.

"बायांनो!" ती म्हणाली. "या गावातल्या सगळ्या पुरुषांचे टाय कापून झाले. एकच उरलाय! हे बघा, आपलेच होल्त्सेमसाहेब. जनरल झाले म्हणून काय झालं? एवढ्या वर्षांत यांना कुण्या बाईनं हात लावलेला नाही!"

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

"आणि यांना सांभाळलं कुणी? माझ्या नवऱ्यानं! गाद्यांखालून उचलून आणलं. तुम्ही इथं रोज पासपोर्टला येता आणि नाक मुरडून जाता. आज सगळ्यांनी आत यायचं, एकेकीनं यांचा गणवेश बघायचा, आणि माझ्या हेरिबर्टला विचारायचं, हे कोण होते! काय?"

"आलाफ!" दालन दणाणलं.

हेरिबर्टच्या तोंडून आवाज निघाला असेलही. कुणाला ऐकू गेला नाही. कात्री चालली आणि निळ्या रिबिनीचा एक तुकडा बुर्गाच्या हातात आला. क्रॉस तिनं दुसऱ्या हातानं अलगद झेलला, तो पडू दिला नाही. एवढी काळजी तिनं घेतली. मग तिनं पुतळ्याच्या गालावर लाल ठसा उमटेल असा मुका घेतला, खुर्चीवरून उतरली, गर्दीतून वाट काढत आली आणि हेरिबर्टच्या गालावर दुसरा ठसा उमटवला.

"कशी होती माझी युक्ती?" ती त्याच्या चांगल्या कानात म्हणाली. तिचा चेहरा लग्नातल्यासारखा फुलला होता. "घाबरलास ना? दुकानातलीच होती म्हणून तर! सोमवारपासून पोटात दाबून ठेवलं होतं मी."

हेरिबर्टच्या हातात डबी होती. डबीत दुकानातली रिबीन होती. त्याच्या मनात जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. राग ओतायला समोर फक्त बुर्गा होती, नाकाला लाल रंग लावलेली, त्याच्यासाठी तीन दिवस बेत रचलेली.

तेवढ्यात मधमाशीचे पिवळे-काळे पट्टे आणि डोक्यावर दोन शिंगं लावलेल्या फ्राऊ डॉक्टर रुटगर्स पुढे आल्या. त्यांचा चेहरा मात्र मधमाशीचा नव्हता, पांढरा पडला होता.

"नेटेकोव्हनसाहेब... ती कालचीच होती ना? ती घडी..."

बुर्गा वळली. "कालची? काय होतं काल?"

हेरिबर्टनं आयुष्यात एका खोट्या बटणाला खरं म्हटलं नव्हतं. जत्रेच्या बाजारात दलालांशी त्यानं याच गोष्टीवरून भांडणं केली होती, एका पदकाच्या पिनेवरून जुना मित्र तोडला होता.

"नाही," तो म्हणाला, मुद्दाम मोठ्यानं. "दुकानातली होती. काल फोटोनंतर मी बदलली. तुम्ही गेल्यावर."

फ्राऊ डॉक्टरांना ठाऊक होतं की त्या आणि तो एकाच वेळी बाहेर पडले होते. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग बुर्गाच्या हातातल्या निळ्या तुकड्याकडे बघितलं. त्या तुकड्यावर एक फिकी आडवी रेघ होती. शिंगं जरा हलली.

"हो, बरोबर," त्या म्हणाल्या. "माझ्याच लक्षात राहिलं नाही."

त्या दिवशी, आणि पुढचे सगळे दिवस, लोक आले. बायका नवऱ्यांना घेऊन आल्या, नायलॉनच्या फौजेतले लाल कोटवाले लाजत लाजत आले आणि खऱ्या लोकरीला बोट लावून बघायला लागले. हेरिबर्ट एकेकाला सांगत होता, हा गोंडा कुठला, ती पट्टी कशाची, डॉक्टर कोण. त्याला पहिल्यांदाच कोणी तरी विचारत होतं आणि त्याचं लक्ष लागत नव्हतं. "काय कैसर, आता तरी खूश का?" बेकरीवाल्यानं विचारलं. हेरिबर्टनं त्याच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं, की तो दोन पावलं मागे सरला.

नगरसभेनं खोली दिली. एकमतानं. वर्तमानपत्रात पुतळ्याचा मुका घेणाऱ्या बुर्गाचा फोटो आला होता. त्यापुढे कुणाची नाही म्हणायची टाप नव्हती. ईस्टरच्या आधी सगळी मंडळी नव्या खोलीत गेली, एकत्र, एकही बटण कमी न होता. डॉक्टर होल्त्सेमच्या गळ्यात दुकानातली रिबीन आहे. त्याखालच्या पट्टीवर कोटाबद्दल आणि क्रॉसबद्दल लिहिलं आहे; रिबिनीबद्दल फ्राऊ डॉक्टरांनी काहीच लिहिलं नाही. हेरिबर्ट तिकडे जातो तेव्हा त्या पुतळ्याशी फारसा थांबत नाही.

मूळ रिबिनीचा मोठा भाग त्यानं रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. आणि कापलेला तुकडा कुठं आहे? तो बुर्गानं त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या दोरीवर टाचला, सगळ्या टायांच्या मधोमध, मानाच्या जागी. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवते, "हा जनरलचा!"

पूर्वेची खिडकी ती. सकाळची कॉफी हेरिबर्ट तिथंच घेतो, आणि एप्रिलपासून तिथं ऊन येतं. पहिल्या दिवशी ऊन टायांवरून सरकत निळ्या तुकड्याकडे निघालं, तसा तो उठला आणि त्यानं पडदा ओढला.

"अरे, अंधारात काय बसलायस?" बुर्गा म्हणाली. "वर्षातून चार दिवस ऊन येतं, तेही नको तुला?"

"डोळ्यांवर येतं."

"मग खुर्ची फिरव की!"

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा पडदा ओढला, तिनं पुन्हा सरकवला, त्यानं पुन्हा ओढला. मुलगी म्हणाली, "बाबा, आता वरचे पडदे सुटले म्हणून खालचे धरलेत का?" हेरिबर्ट तिच्यावर खेकसला, आणि नंतर नातवंडांना त्यानं उगाचच बिस्किटं दिली. तो तुकडा तिथून काढावा, तर काय कारण सांगणार? आणि ठेवावा, तर रोज डोळ्यांसमोर फिका होत जाणार.

असे काही आठवडे गेले. मग मे महिन्यात एका सकाळी त्याला उठायला उशीर झाला. बाहेर लख्ख ऊन होतं. आज ते तुकड्यापर्यंत पोचलं असणार, या धास्तीनं तो पायजम्यातच, पायऱ्यांचा कठडा धरत, घाईघाईनं खाली आला.

स्वयंपाकघरात अंधार होता. पडदा आधीच ओढलेला होता, कोपऱ्यापर्यंत, एक फटही न ठेवता. कडेला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. बुर्गा अंधुक उजेडात पावाला लोणी लावत बसली होती. तिच्या डोळ्यांभोवती सुजल्यासारखं दिसत होतं.

हेरिबर्ट दारातच थांबला.

"निळा सगळ्यात आधी उडतो," बुर्गा म्हणाली. वर न बघता तिनं त्याच्या ताटलीत पाव ठेवला. "ये. कॉफी गार होतेय."